वगळलेले शहाऐंशी दिवस

घ्यायचं: शाब्बासकी
सोडायचं: चहा

आमरीनला त्या दिवशी शाब्बासकी मिळाली आणि तिथूनच तिचं डोकं फिरलं.

शाब्बासकी दिली सुदर्शन सरांनी. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे सुटे भाग ठोकून काढणारा एक कारखाना आहे, त्याचे ते मॅनेजर. आमरीन त्या कारखान्याची नोकर नाही. ती उस्मानपुऱ्यातल्या झीशानभाईंच्या फर्ममध्ये काम करते. ही फर्म अकरा कारखान्यांच्या कॉम्प्युटरांवरच्या फाइली रोज लायनीवरून ओढून आपल्या सर्व्हरवर जपून ठेवते. तुमचं काही जळलं, बुडालं, पुसलं गेलं तरी आमच्याकडं एक प्रत आहे, असं सांगून झीशानभाई गिऱ्हाईक मिळवतात. ती प्रत खरोखर असावी ही जबाबदारी आमरीनची.

"एक नंबर काम केलंस," सर म्हणाले. "तुझ्या एका कागदानं सगळं मिटलं बघ."

कागद म्हणजे आदल्या दिवशी तिनं पाठवलेलं दोन ओळींचं पत्र. सरांनी फोनवर विचारलं होतं, चौदा नंबरच्या प्रेसचे लॉग, म्हणजे मशीननं रोज केलेल्या कामाच्या नोंदी, तुमच्याकडं आहेत का, असतील-नसतील ते लिहून दे. तिनं सर्व्हर उघडून बघितला. नव्हते. तिनं लिहिलं: 'प्रेस-१ ते प्रेस-१३ या मशीनचे रोजचे लॉग आमच्याकडे आहेत. प्रेस-१४ चा एकही लॉग नाही.' खाली सही. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

सरांनी टेबलावरचा दुसरा कागद तिच्याकडं फिरवला. अपघाताच्या चौकशीला येणाऱ्या कारखाना निरीक्षकांना द्यायचा अहवाल होता. लेकराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा त्यांनी तो दाखवला.

एक: प्रेस-१४ ही मशीन अद्याप उत्पादनात घेतलेली नव्हती.

दोन: ती चालू असती तर तिचे लॉग बॅकअपमध्ये आले असते. तेरा मशीनचे आले आहेत, चौदावीचा एकही नाही. बॅकअप फर्मचे पत्र सोबत.

तीन: ११ मार्च रोजी कामगार सोमनाथ याने कोणाचीही परवानगी न घेता, सुरक्षा सेन्सर (हात आत गेल्यास मशीन थांबवणारा) स्वतः बंद करून मशीन चालवली. अपघातास तो स्वतः जबाबदार आहे.

सोमनाथ तिला माहीत नव्हता. अपघात माहीत होता. उजव्या हाताची चार बोटं. अंगठा राहिला.

"सर, मशीनच्या कॉम्प्युटरवर असतील ना लॉग?"

"ती डिस्क गेली. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी जळाली. बदलून घेतली."

"दुसऱ्याच दिवशी?"

"मग काय मुहूर्त बघून जळणार का? डिस्क जळतात म्हणून तर तुम्हाला ठेवलंय." सर आपल्याच विनोदावर हसले. "बस, चहा मागवतो."

"नको," आमरीन म्हणाली, आणि उठली.

घ्यायचं: चाळीस पावलं

ऑफिसच्या काचेच्या दारापासून शॉपपर्यंत, म्हणजे मशीन चालतात त्या शेडपर्यंत, चाळीस पावलं आहेत. तीन वर्षं ती या कारखान्यात येत होती. ऑफिसात बसायची, एसीत काम करायची आणि परत जायची. ती चाळीस पावलं तिनं एकदाही टाकली नव्हती. आज टाकली, आणि प्रत्येक पावलागणिक कान बंद होत गेले. एकाच वेळी तेरा प्रेस पत्र्यावर आदळत होत्या. प्रत्येकीच्या अंगावर लाल रंगात मोठा आकडा. एक, दोन, तीन, थेट तेरापर्यंत. शेवटी एक मशीन ताडपत्री बांधून गप्प उभी होती.

कचरू मिस्त्री तिला बघून पुढं आले. शॉपचे फोरमन, साठीला टेकलेले, शर्टाच्या खिशात पट्टी.

"मिस्त्री, चौदा नंबरची प्रेस कुठली?"

"चौदा नंबर?" त्यांनी हाताचा पंजा कानामागं धरला. "असा नंबरच नाय हितं."

"ही कुठली मग?"

"ही व्हय? हिला अजून आकडाच नाय दिला. ही आली दिवाळी झाल्यावर. आकडा दसऱ्याला मिळतो. मशीनची पूजा, नारळ, मंग पेंटर आकडा काढतो. पूजेच्या आधी आकडा नाय, पहिल्यापासनं असंच हाय आमच्याकडं. बारसं व्हायच्या आत लेकराला कुणी नावानं हाक मारतं का?"

"मग म्हणता काय हिला?"

"नवीन. 'नवीनवर कोण हाय रं आज?' असं."

"आणि कॉम्प्युटरमध्ये?"

"तिथं बी नवीनच. म्याच टाकलं. मशीन बसवाया इंजिनियर आलता, म्हणला काका, नाव टाका. टाकलं."

"किती दिवस चालली ही?"

मिस्त्रींनी ऑफिसच्या काचेकडं बघितलं. "मला पोरंबाळं हायती, ताई."

"मी दिवस किती विचारलं. पोरं किती ते नाही."

मिस्त्रींना राग यायला हवा होता. आला नाही. त्यांनी ताडपत्रीची गाठ उगाच घट्ट केली. "आल्यापासनं," ते म्हणाले. "रोज."

घ्यायचं: प्रेस-*
सोडायचं: बाकी सगळं

काय घडलं होतं ते कळायला कॉम्प्युटर यावा लागत नाही.

प्रेसचा पहिला ठोका पडला की तिचा कॉम्प्युटर त्या दिवसाचा एक फोल्डर उघडतो. मशीनचं नाव आणि तारीख. प्रेस-०१-१८नोव्हें. प्रेस-०२-१८नोव्हें. असे वर्षाला हजारो. बॅकअपला एवढी नावं कोण सांगत बसणार? म्हणून त्याला पॅटर्न देतात. पॅटर्नमध्ये स्टार टाकला की अर्थ होतो, इथून पुढं काहीही चालेल.

पहिल्या वर्षी आमरीननं नुसता स्टार टाकला होता.

*

म्हणजे सगळं. जे असेल ते उचल.

तीन महिन्यांनी सुदर्शन सरांचा फोन. शॉपमधल्या कॉम्प्युटरांवर कामगारांनी गाणी भरलीत, पिक्चर भरलेत, दसऱ्याचे फोटो भरलेत. "आमच्या लायनीवरून पिक्चर कशाला ओढतेस? इंटरनेट बसतंय आमचं. फक्त कामाचं घे."

तिच्यापुढं दोन वाटा होत्या. काय सोडायचं ते लिहायचं, किंवा काय घ्यायचं ते लिहायचं. सोडायचं लिहायचं असेल तर शॉपमध्ये जाऊन बघावं लागतं, कुणाचं काय आहे, कशाला काय म्हणता. कटकट. घ्यायचं लिहायला एक मिनिट लागतं. ऑफिसच्या खरेदी रजिस्टरात मशीनची नावं होतीच, प्रेस-१, प्रेस-२. तिनं लिहिलं:

प्रेस-*

आणि स्वतःवर खूश झाली. उद्या चौदावी आली, पंधरावी आली, तरी आपोआप पकडली जाईल. पुन्हा हात लावायला नको.

चौदावी आली. रजिस्टरात प्रेस-१४ म्हणून आली, शॉपमध्ये नवीन म्हणून आली.

सोडायचं काय ते लिहिलं असतं तर माहीत नसलेली गोष्टही आत आली असती. घ्यायचं काय तेवढंच लिहिलं, म्हणून माहीत नसलेली गोष्ट बाहेर राहिली. एवढा साधा हिशोब. तीन वर्षं पगार घेऊन तिला तो आत्ता कळत होता, शेअर रिक्षात, दोन जाड माणसांच्या मधे बसून, नगर नाक्याच्या सिग्नलला. आणि तिला राग आला होता. सरांचा, त्या हसण्याचा. जळालेल्या डिस्कचा. मिस्त्रींचा, मुंडी खाली घालून गाठी आवळणाऱ्या माणसाचा. रिक्षावाल्याचा, कारण तो गाणं लावून बसला होता. स्वतःचा, म्हणजे त्या मुलीचा, जी एसीत बसून स्टार टाकून खूश झाली होती आणि जिला कुणी तेव्हाच दोन थोबाडीत—

"मॅडम, उतरायचंय ना?"

उतरली, आणि रस्त्यावरूनच फोन लावला.

— झीशानभाई, ते पत्र मागं घ्यायचंय.

— कौनसा?

— वाळूजचं. चौदा नंबरच्या प्रेसचं.

— क्यूं? झूट लिखा क्या तूने?

— नाही.

— फिर?

— खरं लिहिलं. ते लोक खोट्याला टेकू म्हणून वापरायलेत.

— तू मराठी में बोल रही मतलब गुस्से में है. पहले पानी पी.

— पाणी प्याले. तो फोल्डर आपण उचललाच नाही, झीशानभाई. माझ्या पॅटर्नमध्ये तो बसत नव्हता. मशीन रोज चालायची. ते म्हणतात चाललीच नाही, आणि पुरावा काय, तर माझं पत्र.

— तो अपनेकू क्या करना है? अपन ने पूछा वो बताया. वो कस्टमर है अपना. सबसे बडा है.

— त्या माणसाची चार बोटं गेली. आता नोकरी जाईल, वर चूक त्याचीच म्हणून कागद होईल.

— उंगलियां तूने काटी क्या? बोल ना. और सुन. अपनी गलती तू लिखके देगी, तो बाकी के दस पूछेंगे, हमारा क्या क्या छोडा तुम लोगां ने? दुकान बंद करूं क्या मैं?

— विचारू द्या.

— क्या?

— विचारायलाच पाहिजे त्यांनी. मी असते तर विचारलं असतं.

— आमरीन, कल से मत आ फिर.

— आज येते. माझं काम राहिलंय.

घ्यायचं: नवीन-*

काम असं काही नव्हतं. ती सर्व्हरपुढं जाऊन बसली आणि शोधायच्या चौकोनात 'नवीन' लिहून पुढं स्टार टाकला. काही सापडणार नव्हतं हे तिला ठाऊक होतं. जे उचललंच नाही ते सापडणार कुठून? तरी टाकला. माणूस रिकाम्या डब्याचंही झाकण उघडून बघतो.

सापडलं नाही.

मग तिला अहवाल आठवले. बॅकअपचा प्रोग्राम रोज एक अहवाल लिहितो. काय काय उचललं त्याची लांबलचक यादी. आणि तळाला बारीक अक्षरात, काय दिसलं पण सोडून दिलं, त्याची. हे अहवाल पूर्वी तिच्या मेलवर यायचे. अकरा कारखाने, रोज सकाळी अकरा अहवाल. दोन वर्षांपूर्वी तिनंच ते मेल बंद करून टाकले होते. प्रोग्राम मात्र लिहायचा थांबला नव्हता. कुणी वाचो न वाचो.

तिनं अठरा नोव्हेंबरचा अहवाल उघडला. तळाला गेली.

वगळलं: गाणी
वगळलं: दसरा फोटो
वगळलं: नवीन-१८नोव्हें
कारण: पॅटर्नमध्ये बसत नाही

एकोणीस नोव्हेंबर.

वगळलं: गाणी
वगळलं: दसरा फोटो
वगळलं: नवीन-१९नोव्हें
कारण: पॅटर्नमध्ये बसत नाही

तिनं सगळे अहवाल एकत्र करून त्यातल्या 'नवीन'च्या ओळी तेवढ्या बाजूला काढल्या. शहाऐंशी निघाल्या. पहिली अठरा नोव्हेंबरची, शेवटची अकरा मार्चची.

फोल्डरच्या आतलं तिच्याकडं काही नव्हतं. ठोके किती पडले, सेन्सर चालू होता की बंद, काही नाही. नुसती नावं. पण ठोका पडल्याशिवाय फोल्डर उघडत नाही. म्हणजे जी मशीन कधी चाललीच नाही असं सरांच्या अहवालात लिहिलं होतं, ती शहाऐंशी दिवस चालल्याची शहाऐंशी सह्यांची हजेरी तिच्यासमोर होती.

तिला आनंद व्हायला हवा होता. राग वाढला. कारण शहाऐंशी वेळा त्या प्रोग्रामनं तिला सांगितलं होतं, बाई, इथं काहीतरी आहे आणि मी ते सोडून चाललोय. तिनंच त्याला सांगितलं होतं, मला कळवू नको.

निरीक्षकांना द्यायचं निवेदन तिनं तिथंच लिहायला घेतलं.

*पहिल्यांदा:* 'तांत्रिक कारणांमुळे काही फोल्डर बॅकअपमध्ये समाविष्ट होऊ शकले नाहीत.' वाचलं. तांत्रिक कारण म्हणजे कोण? कुठं राहतं ते? आधार कार्ड आहे का त्याच्याकडं? फाडलं.

*दुसऱ्यांदा:* 'कारखान्याच्या मॅनेजरांनी सांगितल्यावरून पॅटर्न लहान करण्यात आला.' हे खरं होतं. अर्धं. सुदर्शन सरसुद्धा अर्धंच खरं लिहितात. फाडलं.

*तिसऱ्यांदा:* 'पॅटर्न मी लिहिला. शॉपमध्ये मशीनला काय म्हणतात हे मी विचारलं नाही. त्यामुळे ही मशीन बॅकअपमधून सुटली. सुटलेल्या फोल्डरांची यादी रोज तयार होत होती, ती मी वाचत नव्हते. प्रेस-१४ चा लॉग नाही हे माझं पत्र खरं आहे, पण त्याचा अर्थ मशीन बंद होती असा होत नाही. मशीन शहाऐंशी दिवस चालली. यादी जोडली आहे.'

हे नाही फाडलं.

सोडायचं: माफी

बजाजनगरात, एका चाळवजा इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर सोमनाथची खोली. मूळ गाव देवगाव रंगारी. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत, उशीवर ठेवलेला, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा तरी असून इथं पाहुणा आलाय. समोर ताट. डाव्या हातानं तो वरणभात खात होता आणि अर्धा भात ताटाबाहेर पडत होता. बायको, आशाबाई, मधेच पुढं झाली तर तो तिच्यावर खेकसला.

आमरीननं सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बस कुणी म्हटलं नव्हतं.

"म्हंजे तुमच्याकडं रोज लिहून येत व्हतं," सोमनाथ म्हणाला.

"हो."

"रोज?"

"रोज."

"आन तुम्ही बघत नव्हता."

"नाही."

"मंग काय करत व्हता?"

आशाबाईनं ताट उचललं.

"माफी मागाया आला असाल तर राहू द्या," तो म्हणाला. "माफी घेऊन मी काय करू? ती धराया बी हात लागतो."

"माफी मागायला नाही आले. यादी दाखवायला आले. उद्या निरीक्षक मॅडम येणार आहेत, तिथं मी ती देणार. त्याआधी तुम्हाला माहीत पाहिजे."

"दाखवा."

तिनं मोबाईल पुढं केला. डाव्या अंगठ्यानं तो यादी सरकवू लागला. अंगठा घसरत होता, यादी भलतीकडंच पळत होती. तिनं मदत केली नाही. आशाबाईला मघाशी मिळालेलं उत्तर तिनं ऐकलं होतं.

"ह्या सोळा जानेवारीला मी नव्हतो," तो एकदम म्हणाला. "गावाकडं कांदे लावाया गेलतो. तवा बी चाललीय?"

"चाललीय."

"तवा तर बबन व्हता नवीनवर. मिस्त्रीकाका म्हणले व्हते, सुट्टी घेतली तं कापतील तुझी..." तो थांबला. मोबाईल परत दिला. "म्या सेन्सर बंद केला म्हणतेत ना ते?"

"हो."

"मला तं तो बंद करता बी येत नाय." मग तो खूप मोठ्यानं ओरडला, भिंतीकडं बघून, "मला येत नाय!" शेजारच्या खोलीतला टीव्ही कुणीतरी बारीक केला.

घ्यायचं: *
सोडायचं:

सकाळी साडेदहा. कारखान्याची कॉन्फरन्स रूम. निरीक्षक मॅडमनी पाणी घरचं आणलं होतं, स्टीलच्या बाटलीत, आणि सरांनी पुढं केलेल्या काजूच्या बशीला त्या हात लावत नव्हत्या. एका बाजूला सुदर्शन सर. एका बाजूला सोमनाथ, हात छातीशी. फोरमन म्हणून बोलावलेले कचरू मिस्त्री दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर. आमरीन उभी.

मॅडमनी तिचं निवेदन दोनदा वाचलं.

"म्हणजे चूक तुमची."

"हो. माझी. तसंच लिहा."

सुदर्शन सर पुढं वाकले. आवाजात मध. "मॅडम, तिला दोष देऊ नका. त्यांच्यात दसरा नसतो. आमची पूजा, आकडे टाकायची पद्धत हिला कुठून माहीत असणार? गैरसमज झालाय पोरीचा."

आमरीन त्यांच्याकडं वळली.

"सर, तीन वर्षं दसऱ्याचा पेढा तुमच्या हातून खाल्लाय मी. दसरा मला माहीत आहे. मला शॉप माहीत नव्हतं. तुम्हाला दोन्ही माहीत होतं."

"आवाज खाली."

"खालीच होता तीन वर्षं."

मॅडमनी पेन टेबलावर टेकवलं. "ही मशीन शॉपमध्ये 'नवीन' म्हणून ओळखली जायची का, सर?"

"म्हणत असतील कामगार. पण फोल्डर उघडला म्हणजे उत्पादन झालं असं नाही. ट्रायल घेतात. नव्या मशीनला ट्रायल लागतात."

"शहाऐंशी दिवस?"

"मशीन मोठी आहे, मॅडम."

सोमनाथ हसला. ते हसू ऐकायला बरं नव्हतं.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या आणि लिहू लागल्या. "'नवीन' या नावाने एकूण शहाऐंशी फोल्डर, १८ नोव्हेंबर ते ११ मार्च. यादी जोडली आहे. ट्रायल की उत्पादन याबाबत दोन्ही बाजूंचं म्हणणं वेगळं."

"बरोबर," सर म्हणाले. "थोडक्यात तेच."

"थोडक्यात नको," आमरीन म्हणाली.

"अहो, यादी जोडतेय मी."

"जोडलेलं कुणी वाचत नाही, मॅडम. मीच वाचत नव्हते. एकेक दिवस लिहून घ्या. मी वाचते."

"शहाऐंशी?"

"शहाऐंशी."

मॅडमनी घड्याळ बघितलं. मग सोमनाथचा हात बघितला. बाटलीचं झाकण उघडून दोन घोट पाणी प्यायल्या आणि नवा कागद घेतला. "वाचा."

"अठरा नोव्हेंबर."

"बिजागऱ्या," सोमनाथ म्हणाला. "पहिला माल. गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या. दुपारी साहेबांनी समद्यांला समोसे दिले."

सर म्हणाले, "याला काही पुरावा?"

"समोशाचा?" सोमनाथ म्हणाला.

"एकोणीस नोव्हेंबर."

"बिजागऱ्याच."

"एकवीस नोव्हेंबर."

असं चाललं. कधी सोमनाथ काही बोलायचा, कधी नुसता मान हलवायचा. कुठल्या दिवशी पत्रा जाड आला, कुठल्या दिवशी लाइट गेली, कुठल्या दिवशी जेवायची सुट्टी अर्धीच दिली. मॅडम लिहीत होत्या. सरांचा फोन दोनदा वाजला, दोनदा त्यांनी तो उलटा ठेवला. आमरीनचा आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता. तिच्या हातातला कागद मात्र एका कोपऱ्यात चुरगळून ओला झाला होता.

"एकवीस डिसेंबर."

"सेन्सर लई थांबवायचा मशीन त्या हप्त्यात. माल निघंना," सोमनाथ म्हणाला. "खाली गाडी उभी."

"तेवीस डिसेंबर."

सोमनाथनं दाराकडं बघितलं. मॅडमनी 'तेवीस' लिहिलं आणि पुढच्या तारखेसाठी मान वर केली.

"थांबा," कचरू मिस्त्री म्हणाले.

ते उभे राहिले होते. खिशातली पट्टी त्यांनी बाहेर काढून हातात धरली होती, कशाला ते त्यांनाही ठाऊक नसावं.

"त्या दिवशी म्या सेन्सर बंद केला."

"कचरू," सर म्हणाले.

"त्याला चावी लागती. चावी शॉपमधी नसती. साहेबांच्या ड्रॉवरात असती. साहेबांनी काढून दिली. म्हणले, फिरव, गाडी भरायचीय, उद्या परत चालू करू."

"कचरू, खाली बस."

"परत कधी चालू केलाच नाय," मिस्त्री म्हणाले. ते बसले नाहीत. "पोरगा म्हणायचा मला, काका, सेन्सर? म्या म्हणायचो, चालव तू."

सोमनाथनं त्यांच्याकडं बघितलं नाही. त्या बघण्यात काय असलं असतं, हे त्याला स्वतःलाच बघायचं नव्हतं बहुतेक.

"मॅडम, हा माणूस दबावाखाली—" सर उठले. खुर्ची मागं पडली.

"तुमचं म्हणणं मी नंतर लिहून घेणार आहे, सर. सगळं." मॅडमनी त्यांच्याकडं न बघता कागद सरळ केला. "चावी, ड्रॉवर, तेवीस डिसेंबर. लिहिलं. पुढं?"

आमरीननं पुढची ओळ बघितली. एक क्षण अक्षरं दिसेनात. मग दिसली.

"चोवीस डिसेंबर."

"बंद," सोमनाथ म्हणाला.

मॅडमनी लिहिलं.

"सव्वीस डिसेंबर."

"बंद."

"सत्तावीस डिसेंबर."

"बंद."

अजून त्रेपन्न दिवस राहिले होते.

"अठ्ठावीस डिसेंबर," आमरीननं वाचलं.